मोठी टाकी घ्या, पण खोल नको. आणि दोन महिने ती रिकामी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी कशी बसवावी, यावर लेख आला होता. शेजारी मोठं छायाचित्र होतं: दिवाणखान्यात कमरेएवढ्या स्टँडवर उभी केलेली उंच, खोल टाकी, आत निळा उजेड आणि पिवळ्या शेपटीचा निळा टँग मासा. शनिवारी पाणी भरा, मीठ घाला, आठवडाभरात मासे सोडा, असा लेखाचा सूर होता. तशीच टाकी तीन वर्षांपूर्वी मी घेतली होती आणि तिच्यात अकरा दिवसांत नऊ जीव माझ्या हातून मेले. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, तरी जमल्यास काटछाट न करता छापावं.

मी एकतीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. नमुना तपासायचा, रंग तक्त्याशी ताडून बघायचा, आकडा रजिस्टरात लिहायचा, हे माझं काम. माहेर मालवणचं. मामांची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, त्यामुळे मासे लहानपणापासून रोज पाहिले, पण ते वाळूवर तडफडणारे नाहीतर टोपलीतले. आठवीत असताना शाळेची सहल मुंबईला आली आणि मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय आता बंद आहे. माझ्या नातवंडांना मी ते दाखवू शकत नाही. तिथे पहिल्यांदा मला कळलं की मासा पाण्यात उभा राहतो, वळतो, दुसऱ्या माशाला वाट देतो. मी काचेला नाक लावून उभी होते आणि बाई हाका मारत होत्या. ते मनात कुठेतरी राहून गेलं असावं, कारण निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा स्वतःसाठी काय घ्यायचं, याचा मला फार विचार करावा लागला नाही.

दुकानदाराने मला हॉलचं माप विचारलं आणि म्हणाला, "मावशी, एवढी भिंत आहे तर उंच टाकी घ्या, शोभून दिसते. पाणी जास्त असलं की मासे पण जास्त टिकतात." त्याचं दुसरं वाक्य अर्धं खरं होतं, म्हणूनच मी फसले. टाकी आली ती चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल. म्हणजे १२० बाय ६० बाय ७५ सेंटीमीटर, ५४० लिटर.

नवख्या माणसाला सांगतात की आधी छोट्या टाकीवर हात बसवा. गोड्या पाण्यात ते चालून जातं. खाऱ्या पाण्यात छोटी टाकी नवख्याच्या मुळावर येते. पन्नास लिटरच्या टाकीतून उन्हाळ्याच्या एका दिवसात लिटर-दीड लिटर पाणी उडालं तर खारटपणा लगेच चढतो, एक मासा मेलेला दिसला नाही तर रातोरात सगळं पाणी नासतं. पाणी जास्त असलं की चूक पसरते, सावरायला एखादा दिवस मिळतो. तेव्हा मोठी टाकी घ्यावी, हे मला मान्य आहे. पण ते जास्तीचं पाणी लांबीरुंदीत असावं, खोलीत नसावं. हा फरक मला कुणी सांगितला नाही, आणि आपल्या लेखातही तो कुठे नाही.

खोल टाकीत काय होतं, ते मी अंगावर घेतलं आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. स्टँड अडीच फूट, त्यावर टाकी अडीच फूट, म्हणजे टाकीची कड माझ्या कपाळापाशी. हात घालायचा तर स्टुलावर चढायचं, आणि खांद्यापर्यंत हात बुडवला तरी बोटं तळाला लागत नाहीत. पहिल्याच आठवड्यात एक गोगलगाय मागच्या कोपऱ्यात दगडाखाली मरून पडली. मला ती समोरून दिसत होती. लांब चिमट्याने प्रयत्न केला तर दगड घसरून काचेवर आपटला. मी घाबरून हात काढून घेतला आणि ती तिथेच कुजत राहिली.

पाण्यातला वायू आत-बाहेर जातो तो पृष्ठभागावरून. टाकी दीड फूट खोल असो की अडीच फूट, पृष्ठभाग तेवढाच. म्हणजे खोली वाढवून आपण माशांना पाणी जास्त दिलं, श्वास घ्यायला खिडकी मात्र तेवढीच ठेवली. तळाशी पाणी हलत नाही, तिथे घाण साठते. वेव्हमेकर नावाचे छोटे पंखे लावावे लागतात, आणि खोल टाकीत ते दोन स्तरांवर लागतात. दिव्याचा जोर तळापर्यंत पोचता पोचता विरतो, म्हणून दिवाही महागाचा. काचेचं तर सरळ गणित आहे. पाण्याचा दाब लांबीवर नाही, खोलीवर अवलंबून असतो. काठोकाठ भरलेल्या माझ्या टाकीच्या समोरच्या एका काचेवर सुमारे ३४५ किलोचा रेटा होता. तीच टाकी दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर खोल असती तर तो १२५ किलो झाला असता. खोली कमी झाली ४० टक्क्यांनी, रेटा उतरला जवळजवळ दोन तृतीयांशाने. हे मी तेव्हा शोधलंसुद्धा नाही. फर्निचर घ्यावं तशी टाकी घेतली.

वजनाचंही तसंच. खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणून ५४० लिटरचे सुमारे ५५३ किलो. बारा मिलिमीटर काचेचे शंभर किलो, दगड, वाळू, स्टँड, खालची संपची टाकी, म्हणजे पाणी गाळून पंपाने वर पाठवणारी जोडटाकी, आणि तिच्यातलं पाणी धरून आकडा नऊशे किलोच्या घरात गेला. हे सगळं जेमतेम पाऊण चौरस मीटर लादीवर, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. सोसायटीचं काम पाहणारे स्ट्रक्चरल इंजिनिअर योगायोगाने दुसऱ्या कामासाठी आले होते, ते टाकी पाहून थबकले. राहत्या खोलीची फरशी चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरून आखलेली असते, असं त्यांनी मला समजावलं. टाकी हॉलच्या मधल्या पार्टिशनला लागून होती. तिथून ती हलवून ज्या बाजूला खाली बीम आहे त्या बाहेरच्या भिंतीशी, बीमला आडवी बसवायला लावली. टाकी घेणाऱ्या प्रत्येकाने आधी इंजिनिअरला बोलवावं आणि मग दुकानात जावं. इमारत पंचवीस-तीस वर्षांची असेल तर नक्कीच.

आता त्या नऊ जिवांबद्दल, गोगलगाय सोडून. हे लिहायला मला जड जातं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पाणी भरल्यावर चौथ्या दिवशी दुकानातून मासे आले: दोन विदूषक मासे, म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश, चार डॅमसेल, एक निळा टँग, एक मँडरिन आणि एक लाल-पांढरी क्लीनर कोळंबी. कोळंबी दुसऱ्याच सकाळी आडवी पडलेली दिसली. तिसऱ्या दिवशी डॅमसेल वरच्या थरात येऊन भराभरा तोंडं उघडझाप करू लागले. मी दुकानात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "थोडं मीठ वाढवा आणि हे औषध टाका." मी टाकलं. टँग एका कुशीवर होऊन दगडाला टेकून राहिला, त्याचा रंग उतरत गेला. शेवटी मँडरिन राहिला होता, तो अकराव्या दिवशी गेला.

एकतीस वर्षं मी नमुना तपासल्याशिवाय कुठल्याही रुग्णाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, आणि घरातल्या पाण्याचा एक थेंब तपासला नव्हता. मँडरिन गेल्यावर अमोनियाची किट मागवली. परीक्षानळीतलं पाणी गडद हिरवं झालं, तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनाइतकं.

झालं होतं ते असं. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया टाकतो. समुद्रात तो विरून जातो. टाकीत त्याला खाणारे जिवाणू लागतात: एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत आणि वाळूत वस्ती करतात, पण फार सावकाश वाढतात. ती वस्ती पुरती बसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. टाकी 'सायकल' होणं म्हणतात ते हेच. माझ्या टाकीत चौथ्या दिवशी जिवाणूंचं नावही नव्हतं. त्यात समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर, ८.१ ते ८.३. पीएच जितका चढा तितका अमोनियाचा जास्त हिस्सा विषारी रूपात राहतो. गोल्डफिशच्या टाकीत जो आकडा मासा कसाबसा निभावून नेतो, तो इथे त्याचे कल्ले जाळतो. गोड्या पाण्याचा दहा वर्षांचा अनुभव असलेली माणसंही इथे चुकतात ती यामुळे.

मँडरिनबद्दल वेगळं लिहायला हवं. पाणी निर्मळ असतं तरी तो माझ्याकडे जगला नसता. दगडांवर सरपटणारे डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे जिवंत कवचधारी जीव टिपत तो दिवसभर फिरतो. ते जीव टाकीत पिढ्यान्पिढ्या रुजायला वर्ष जातं. नव्या टाकीत तो दाण्यांकडे पाहतसुद्धा नाही आणि आठवड्यागणिक वाळत जातो. निळा टँग फूटभर वाढतो, त्याला पळायला लांबी हवी. आपल्या छायाचित्रातल्या टाकीत तो सहा महिन्यांनी कसा असेल, हे लेखकाने वाचकांना सांगायला हवं होतं. खाऱ्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे आजही समुद्रातूनच धरलेले असतात. फिलिपिन्स-इंडोनेशियाकडे प्रवाळांत सायनाइड फवारून गुंगवून मासे धरण्याची रीत वर्षानुवर्षं चालत आली आहे. तसे मासे दुकानात धडधाकट दिसतात आणि काही आठवड्यांनी मरतात. एवढ्या लांबून, एवढं सोसून आलेल्या जिवाला आपण चौथ्या दिवसाच्या पाण्यात सोडतो.

त्यानंतर तीन-चार महिने टाकी कोरडी पडून होती. घरचे म्हणाले, विकून टाक. गणपतीला मालवणला गेले तेव्हा मामांना सगळं सांगितलं. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, समुद्रावर जात नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बाये, दर्याचा पाणी हलता म्हणान जिता आसा. तुझा पाणी उभा होता." त्यांना जिवाणू माहीत नाहीत, पण माझ्या टाकीच्या तळाशी काय झालं होतं, ते त्यांनी बरोबर ओळखलं.

परत आल्यावर मी काचवाल्याला बोलावलं. काच टफन केलेली नव्हती, त्यामुळे कापता आली. त्याने सिलिकॉन सोडवून चारही उभ्या काचा ७५ वरून ४५ सेंटीमीटरवर आणल्या आणि टाकी पुन्हा जोडली. कापून उरलेल्या पट्ट्यांपैकी काही वरच्या कडेला आडव्या चिकटवल्या, म्हणजे काच बाहेर फुगत नाही, आणि काहींच्या खालच्या संपमध्ये आडभिंती झाल्या. आता पाणी ३२४ लिटर. स्टँडही अर्धा फूट उतरवला. मी जमिनीवर उभी राहून कोपऱ्यातली वाळू चिमटीत धरू शकते.

मग पाणी. आमच्या नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं, आणि त्यात टँकरचं कधी किती मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही. आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारी डीआयची नळी लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य आल्यावरच ते मी घेते. एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. ते ड्रममध्ये धरून लादी पुसायला आणि संडासात वापरते, कारण डोंबिवलीत पाणी सोडून द्यायला माझं मन घेत नाही. त्यात मत्स्यटाकीसाठीचं तयार मीठ, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. जेवणातलं मीठ चालत नाही, मिठागरातलं खडा मीठही नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर बरंच काही असतं, आणि मिठागरात मीठ बसताना त्यातलं बरंचसं उरलेल्या पाण्याबरोबर निघून जातं. घनता १.०२५ हवी. ती मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. मला टाकीबरोबर फुकट मिळालेली प्लॅस्टिकची काट्याची डबी दोन वेळा दोन आकडे दाखवत होती.

यात एक गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते. टाकीतलं पाणी कमी झालं की हात मिठाच्या पाण्याकडे जातो. पण उडतं ते पाणी, मीठ उडत नाही. शिरोड्याची किंवा भांडुपची मिठागरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको. रोजची तूट साध्या आरओच्या पाण्यानेच भरायची. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

गणपतीनंतर पाणी भरलं, कोरडे सच्छिद्र दगड रचले आणि एकही मासा न सोडता अमोनियाचे मोजके थेंब घातले. वही उघडली आणि रोज रात्री नऊ वाजता तपासलं. पाचव्या दिवशी अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅम, नायट्राइट शून्य. चौदाव्या दिवशी अमोनिया उतरायला लागला आणि नायट्राइट चढला. मग तो कितीतरी दिवस चढाच राहिला. त्या दिवसांत शेजारची मुलं येऊन विचारायची, "आजी, मासे कधी?" एकोणचाळिसाव्या रात्री दोन्ही शून्य. मी पुन्हा थेंब घातले, चोवीस तासांनी पुन्हा दोन्ही शून्य. त्या पानावर मी लाल शाईने रेघ मारली आहे. तरीही मासे आणले ते आणखी तीन आठवड्यांनी, कारण मधल्या काळात दगडांवर तपकिरी शेवाळ आलं, मग हिरवं आलं. ते ओसरेपर्यंत थांबायचं ठरवलं. रिकामी टाकी कंटाळवाणी असते, असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. दगडातून एक बोटभर किडा निघाला, काचेवर तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगाई दिसू लागल्या. त्या कुठून आल्या, ते अजूनही मला नीटसं सांगता येणार नाही. बहुधा ओळखीच्यांनी आपल्या जुन्या टाकीतली मूठभर वाळू दिली होती तिच्यातून.

पहिले आले ते दोन विदूषक मासे, हॅचरीत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे बंदिस्त पाण्यात वाढवण्याचं तंत्र बसवलं आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीच्या कांदळवन केंद्रातही हे काम झालं आहे. तेव्हा समुद्रातून धरलेला विदूषक मासा विकत घ्यायचं काही कारण उरलेलं नाही. दुकानदाराला एवढं विचारा, हॅचरीतला आहे का? नसेल तर थांबा. मासा आणल्यावरही तो सरळ मोठ्या टाकीत नाही. वेगळ्या छोट्या टाकीत महिनाभर ठेवून, पांढरे ठिपके येत नाहीत, खातो आहे, अशी खात्री झाल्यावरच. आजार एकदा मोठ्या टाकीत शिरला की औषध घालता येत नाही, कारण तांब्याचं औषध कोळंबी आणि गोगलगाई दोघांनाही मारतं.

विजेबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. एका रात्री चार तास वीज गेली. पंप थांबला की वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून खालच्या संपमध्ये उतरतं. माझ्या संपमध्ये तेवढी जागाच ठेवलेली नव्हती. पाणी लादीवर आलं आणि खालच्या वहिनींच्या छताला ओल धरली. त्यांच्याकडे रंग मी लावून दिला, पण खारं पाणी स्लॅबमधल्या लोखंडाला काय करतं, या विचाराने मला अजून कसंतरी होतं. संप भरताना पंप बंद करून पाणी कुठवर चढतं ते आधी पाहावं आणि तिथे खूण करावी. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब खाली पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही. ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर टाकी घेऊच नये. आणि बॅटरीवरचा हवेचा पंप घरात हवाच. उन्हाळ्यात आमच्या हॉलमधलं पाणी ३२ अंशांवर जातं आणि टाकीला हवं २६. पंख्याने दोन-तीन अंश उतरतं, पुढे चिलरच लागतो. एप्रिल-मेमध्ये माझं विजेचं बिल जवळजवळ दुप्पट होतं. हा खर्च लेखात एका ओळीतही नव्हता.

अजून एक गोष्ट मला संपादकांच्या आणि वाचकांच्याही नजरेस आणायची आहे. टाकी स्थिरावल्यावर मला एका ठिकाणी जिवंत प्रवाळ देऊ केलं गेलं, "लोकल आहे मावशी, स्वस्तात देतो," असं म्हणून. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्यात वाघ आहे त्याच यादीत, २००१ पासून आपल्या समुद्रातले सगळे कठीण प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या आहेत. ते धरणं, विकणं आणि घरात ठेवणं हा गुन्हा आहे. पुष्कळ हौशी माणसांना हे ठाऊक नसतं. माझ्या माहेरासमोरच्या समुद्रात प्रवाळ आहेत, तिथे १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडतात. अशा वेळी कुणी छिन्नीने त्यांचा तुकडा काढून डोंबिवलीच्या हॉलसाठी पिशवीत भरावा, हे मला सहन होत नाही. माझ्या टाकीत प्रवाळ नाही. दगड आहेत, त्यांच्यावर आपसूक आलेलं गुलाबी कवच आहे, आणि मला ते पुरतं.

आणि एक गोबी आहे. आपल्या निवटीच्या नात्यातला, बोटाएवढा, पिवळा. त्याच्याबरोबर एकाच बिळात एक पिस्टल कोळंबी राहते. कोळंबीला फारसं दिसत नाही. ती दिवसभर बुलडोझरसारखी वाळू बाहेर लोटत असते आणि गोबी बिळाच्या तोंडाशी पहाऱ्याला बसतो. बाहेर आली की ती आपली एक मिशी त्याच्या अंगावर टेकवून ठेवते. मी जवळ गेले की तो शेपटी थरथरवतो आणि ती आत जाते. हे बीळ तळाशी, पुढच्या डाव्या कोपऱ्यात आहे. टाकी अडीच फूट खोल असती तर तिथवर ना उजेड पोचला असता, ना माझा हात. गेल्या दिवाळीत मामा आले होते. त्यांना खुर्ची टाकून दिली, दीड तास बसले. आयुष्यभर त्यांनी मासा वरून पाहिला होता.

आपल्याला माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. एक, पुरवणीतल्या त्या लेखाला जोडून टाकीचं वजन, चार ते सहा आठवड्यांची वाट आणि कायद्यातली ही तरतूद, एवढं तरी चौकटीत छापावं. दुसरं, दुकानदारांपर्यंत आपल्या वृत्तपत्रातून हे पोचावं की पाणी भरल्याच्या आठवड्यात मासे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी "नाही" म्हणावं. त्या वेळी मला कुणी "नाही" म्हटलं असतं, तर मी चार दिवस रुसले असते आणि पुन्हा त्याच दुकानात गेले असते.

लेख वाचून ज्यांनी टाकीची मापं घ्यायला सुरुवात केली असेल, त्यांना माझी वही पाहायची असेल तर माझा पत्ता आपल्याकडे आहे, तो त्यांना जरूर द्यावा. संध्याकाळी सहानंतर मी घरी असते. आणखी एक, काचवाल्याने कापलेल्या पट्ट्यांपैकी दोन अजून शिल्लक आहेत, संप बांधायला कुणाला लागल्या तर न्याव्यात.

आपली नम्र,
एक वाचक, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
डोंबिवली (पूर्व)
(कृपया नाव छापू नये.)